राजमातांवर सिनेमा काढायचाच असेल तर

२१ एप्रिल २०१७ ला ग्वाल्हेरच्या राजमाता विजयाराजे शिंद्यांच्या आयुष्यावरचा ‘एक थी रानी ऐसी भी’ हा हिंदी चित्रपट प्रदर्शित झाला. ग्वाल्हेरबाहेर तो फारसा कुणाला आठवत नाही. आठवलाच तर विनोद खन्नांच्या हयातीत आलेला शेवटचा चित्रपट म्हणून, कारण त्यानंतर सहाच दिवसांनी ते गेले. निर्मिती राजमातांच्याच नावाच्या स्मृतिन्यासाची. आधार मृदुला सिन्हांच्या पुस्तकाचा. त्या भाजपच्या जुन्या नेत्या आणि तेव्हा गोव्याच्या राज्यपाल. राजमातांच्या भूमिकेत हेमा मालिनी, मथुरेच्या खासदार. राजमातांचे पती जिवाजीराव झालेले विनोद खन्ना गुरुदासपूरचे खासदार. दोघेही भाजपचे. न्यास घरचा, लेखणी पक्षाची, चेहरेही पक्षाचे. मग नायिकेला एखादा अवघड प्रश्न विचारायचा तर तो विचारणार कोण?

पुढे १७ जानेवारी २०२५ ला ‘इमर्जन्सी’ आला. त्यात इंदिरा गांधी झाल्या कंगना रनौत; चित्रपट लागला तेव्हा त्याही मंडीच्या भाजप खासदार होत्या. १९८० साली रायबरेलीत इंदिरा गांधी आणि राजमाता समोरासमोर लढल्या होत्या आणि राजमाता पावणेदोन लाखांच्या आसपास मतांनी पडल्या होत्या. पडद्यावर मात्र या दोन हाडवैरिणींना उभं केलं ते एकाच पक्षाच्या बाकांवरच्या खासदारांनी. वादग्रस्त नेत्यांवर आपल्याकडे सिनेमा कोण काढतो आणि कशासाठी, हे एवढ्यावरून कळावं.

राजमातांवर एक खरा, लोकांत भांडण लावणारा सिनेमा व्हायला हवा. त्याचा विषय त्यांचं व्यक्तिमत्त्व नको, वैधव्य नको, त्यागही नको. त्यांनी घेतलेले निर्णय आणि त्या निर्णयांची फळं हवीत. आणि असा सिनेमा ग्वाल्हेरच्या मराठी लोकांनीच मागायला हवा, कारण तो न होण्याला आपणही थोडेफार जबाबदार आहोत.

दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये ग्वाल्हेरचा लष्कर हा भाग वसवला. तिथपासून १९४८ पर्यंत इथल्या बहुतेक मराठी घरांची चूल दरबाराच्या आधाराने पेटत होती. संस्थान विलीन झालं, १९५६ मध्ये राजधानीचा मानही भोपाळला गेला आणि ही घरं महालेखाकार कार्यालय, राजस्व मंडळ, हायकोर्टाचं खंडपीठ, शाळा-कॉलेजं अशी पांगली. खाल्ल्या मिठाला जागायची सवय मात्र पुढच्या पिढ्यांतही उरली. त्यामुळे राजमातांविषयी दोन तऱ्हांनी बोललं जातं: चारचौघांत हात जोडून आणि घरात दार लावून. सिनेमाला कामाचं असतं ते दाराआडचं बोलणं.

तसं पाहिलं तर इथला मराठी माणूस कधीच एकगठ्ठा नव्हता. १९५७ मध्ये राजमाता काँग्रेसच्या तिकिटावर गुण्यातून पहिल्यांदा लोकसभेत गेल्या, तेव्हा त्यांनी हरवलं ते हिंदू महासभेच्या वि. घ. देशपांड्यांना. मध्य प्रदेशात जनसंघाची बांधणी गावोगाव हिंडून केली ती धारच्या कुशाभाऊ ठाकऱ्यांनी. जनसंघातून आलेले नारायण कृष्ण शेजवलकर १९७७ आणि १९८० असे दोनदा ग्वाल्हेरचे खासदार झाले. म्हणजे राजवाड्याच्या बाजूने मराठी, विरोधात मराठी आणि राजवाड्याच्या पुण्याईवर पक्ष उभा करतानाही मराठीच. एवढी गुंतागुंत हाताशी असताना पडद्यावर फक्त मुजरे दाखवायचे, हा करंटेपणा आहे.

चरित्रपट बिघडतात कुठे? बहुतेक वेळा हिशेबातच. पटकथेचं एक पान म्हणजे साधारण एक मिनिट. सव्वादोन तासांचा सिनेमा म्हणजे १३५ पानं आणि साठ ते ऐंशी प्रसंग. राजमातांचं आयुष्य ८१ वर्षांचं. जन्म ते मृत्यू सगळं घ्यायचं म्हटलं तर वर्षाला दोन मिनिटंही येत नाहीत. त्यातून सागरचं बालपण, बनारस आणि लखनौचं शिक्षण, १९४१ चं लग्न, मराठा घराण्यात मराठा नसलेली सून येते म्हणून सरदारांची नाराजी, एखादं गाणं एवढ्यात पाऊण तास संपतो. मग राजकारण उरतं ते वर्तमानपत्रांच्या गरगर फिरणाऱ्या मथळ्यांत. प्रेक्षकाला कळतं की बाई मोठ्या होत्या. कशामुळे, ते कळत नाही.

दुसरी चूक रंगभूषेची. एकाच अभिनेत्रीकडून एकवीस ते एक्याऐंशी वय करून घ्यायचं म्हणजे चेहऱ्यावर सिलिकॉनचे थर आणि रोज तीन-चार तास खुर्चीत. आजच्या कॅमेऱ्यात थराची कड दिसते. चेहरा म्हातारा होतो आणि मान, मनगटं, चालणं तरुणच राहतं. म्हातारपणाचा आवाज काढायच्या नादात वाक्यातला अर्थ निसटतो तो वेगळाच. परीक्षणं मग मेकअपवर लिहिली जातात आणि नायिकेचं राजकारण बाजूला पडतं. मार्गारेट थॅचर यांच्यावरच्या २०११ च्या ‘द आयर्न लेडी’चं हेच झालं. मेरिल स्ट्रीपला ऑस्कर मिळालं, रंगभूषेलाही मिळालं. पण सगळी कथा विस्मरणाने ग्रासलेल्या एका म्हातारीच्या आठवणींतून उलगडते. १९८४-८५ चा खाणकामगारांचा संप, फॉकलंडचं युद्ध, पोल टॅक्स हे सगळं तिच्या एकटेपणाचं नेपथ्य होऊन बसतं. थॅचरबाईंना देव मानणारे आणि त्यांच्या नावाने बोटं मोडणारे, दोघांच्याही तक्रारी होत्या आणि दोघांचंही बरोबर होतं. थकलेल्या म्हातारीची कीव येते. तिने बंद केलेल्या खाणींचा जाब तिला विचारवत नाही.

राजमातांच्या बाबतीत हाच धोका घरच्या भांडणात आहे. आईचा पक्ष वेगळा, मुलाचा वेगळा. आणीबाणीत आई तिहारमध्ये आणि मुलगा नेपाळात. पुढे कोर्टकचेऱ्या. राजमातांच्या १९८५ च्या हस्तलिखित मृत्युपत्रात मुलाने, माधवरावांनी, आपले अंत्यसंस्कार करू नयेत असं लिहिल्याच्या बातम्या २००१ मध्ये छापून आल्या होत्या. कुठल्याही दिग्दर्शकाला हे सोन्याचं ताट वाटेल आणि ओटीटीवाले तर यावर दहा भागांची मालिका काढतील. ते नाट्य खरंच आहे. पण मृत्युपत्राने मतदाराच्या आयुष्यात काही बदललं नाही. १९६७ च्या जुलैने बदललं.

म्हणून सिनेमाने आयुष्याचा एकच तुकडा उचलावा: मार्च १९६६ ते मार्च १९६९. या काळात राजमाता सेहेचाळीस ते एकोणपन्नास वर्षांच्या. एकच अभिनेत्री, एकच वय, पांढरी साडी, डोक्यावर पदर. सिलिकॉनचं काम नाही. आणि नाट्य तर काठोकाठ. २५ मार्च १९६६ ला जगदलपूरच्या राजवाड्यात पोलीस गोळीबार झाला, त्यात बस्तरचे माजी महाराज प्रवीरचंद्र भंजदेव मारले गेले. मुख्यमंत्री द्वारकाप्रसाद मिश्र. सप्टेंबरात ग्वाल्हेरमध्ये विद्यार्थ्यांच्या आंदोलनावर गोळीबार झाला. मिश्र आणि राजमाता दोघेही काँग्रेसचेच आणि दोघांचं पटेनासं झालेलं. मिश्र मुरलेले, हिशेबी, संस्थानिकांना नावं ठेवणारे. त्यांना खलनायक केलं की सिनेमा संपला. ‘लोकांनी निवडून दिलेलं सरकार एका माजी महाराणीच्या मर्जीवर का चालावं?’ हा त्या काळातला रास्त प्रश्न होता आणि पटकथेत तो मिश्रांच्या तोंडी पूर्ण ताकदीने यायला हवा.

निवडणूक आली १९६७ च्या फेब्रुवारीत. राजमातांनी काँग्रेस सोडली आणि दोन पक्षांकडून एकाच वेळी उभ्या राहिल्या: गुण्यातून लोकसभेला स्वतंत्र पक्षाचा तारा, करेऱ्यातून विधानसभेला जनसंघाचा दिवा. तेव्हा दोन्ही निवडणुका एकत्रच होत असत. खेड्यातल्या सभेत एकाच बाईंसाठी कुठे तारा सांगायचा आणि कुठे दिवा, ही कार्यकर्त्यांची तारांबळ चार मिनिटांच्या प्रसंगात सगळं सांगून जाईल. मतं पक्षाला पडत होती की पदराला, हेही. दोन्हीकडे त्या निवडून आल्या. विधानसभा ठेवली, गुणा सोडला आणि तिथून पोटनिवडणुकीत आचार्य कृपलानी लोकसभेत गेले.

आता जुलै. सभागृह २९६ जणांचं, बहुमताला १४९ हवेत. काँग्रेसचे १६७. बाकी सगळे मिळून १२९, त्यातले ७८ जनसंघाचे. सरकार पाडायला निदान वीस माणसं फोडायला हवीत, आणि काठावरचं गणित टिकत नाही हे कुणीही सांगेल. अधिवेशन चालू असतानाच ३६ फुटले. १६७ चे १३१ झाले, १२९ चे १६५. मिश्रांनी राजीनामा दिला आणि ३० जुलैला फुटलेल्यांतलेच गोविंदनारायण सिंह संयुक्त विधायक दलाचे मुख्यमंत्री झाले. राजमातांनी पद घेतलं नाही, सूत्रं हातात ठेवली.

सिनेमा इथे रेंगाळला पाहिजे. छत्तीस माणसं एकत्र ठेवायची म्हणजे काय? मोबाइल नाही; ट्रंक कॉल लावला तर ऑपरेटर ऐकणार. प्रत्येकाची गरज वेगळी: कुणाला मंत्रिपद, कुणाला मिश्रांवर सूड, कुणाला महालातून आलेलं बोलावणं हाच सन्मान. काहींना खरंच गोळीबाराची चीड. त्यांना बसने ग्वाल्हेरला आणि तिथून दिल्लीला नेल्याची हकीकत इथे अजून सांगतात, ती बहुधा कौतुकानेच. जरा दुसऱ्या बाजूनेही बघायला हरकत नाही. तेव्हा पक्षांतरबंदी कायदा नव्हता. १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीनंतर अशी फूट पाडायला विधिमंडळ पक्षाचे एकतृतीयांश सदस्य लागू लागले. १६७ चे एकतृतीयांश म्हणजे ५६. राजमातांचे ३६ त्या कायद्याखाली सगळेच्या सगळे अपात्र ठरले असते. पुढे २००३ मध्ये ९१ व्या दुरुस्तीने एकतृतीयांशाची पळवाटही बुजवली. म्हणून मार्च २०२० मध्ये नातू ज्योतिरादित्यांबरोबर २२ आमदार निघाले तेव्हा त्यांना बाजू बदलता येईना. राजीनामेच द्यावे लागले, मुक्काम बंगळुरूत पडला आणि कमलनाथ सरकार गेलं. कायदा बदलला तसं तंत्र बदललं. धडा १९६७ चाच. वारसा म्हणायचा तर विमानतळाला आणि कृषी विद्यापीठाला दिलेलं नाव हा एक आणि हा दुसरा.

त्या सरकारचं पुढे काय झालं हेही दाखवायला हवं. जनसंघ, समाजवादी, माजी काँग्रेसी आणि संस्थानिक यांची ती मोट वीस महिनेही बांधलेली राहिली नाही. १२ मार्च १९६९ ला गोविंदनारायण सिंह गेले. ज्यांना मुख्यमंत्री केलं ते पुन्हा काँग्रेसमध्येच परतले. मग सारंगढचे नरेशचंद्र सिंह तेरा दिवस, आणि महिना संपायच्या आत श्यामाचरण शुक्ल, म्हणजे परत काँग्रेस. गोळीबाराचा जाब विचारायला सरकार पाडलं होतं; तो विचारून झाला का, याचं उत्तर पटकथेने शोधावं. विधानसभेच्या कामकाजाचे छापील खंड भोपाळमध्ये आहेत. महालातल्या आठवणींपेक्षा ते जास्त उपयोगी पडतील.

चित्रीकरणाच्या जागेचंही सांगायला हवं. जयविलासात शिरलं की कॅमेरा भुलतो. १८७४ चा महाल, दरबार हॉलमधली साडेतीन-साडेतीन टनांची झुंबरं, जेवणाच्या टेबलावरची चांदीची आगगाडी. ड्रोनने एक चक्कर, झुंबरावरून एक उतरता शॉट आणि बघता बघता पाच मिनिटं गेली. शिवाय जागा ज्याची, पटकथा आधी त्याला वाचायला द्यावी लागते. या सिनेमाची मुख्य जागा भोपाळचा मिंटो हॉल आहे, कारण १९५६ ते १९९६ विधानसभा तिथेच भरत होती. आज ते अधिवेशन केंद्र आहे आणि त्याला नाव कुशाभाऊ ठाकऱ्यांचं दिलेलं आहे. भाड्याने मिळणारी वास्तू ती, महालाची परवानगी लागत नाही. एक सभागृह, मागचे व्हरांडे, दोन-तीन बंगले, एक बस आणि काही अॅम्बॅसिडर गाड्या एवढ्यात बरंचसं काम भागतं.

तीन वर्षांचा तुकडा घेतला की सती आणि अयोध्या सुटतात, असा आक्षेप येईल, आणि त्यात तथ्य आहे. राजमातांबद्दलची सगळ्यात अवघड गोष्ट १९८७ ची. ४ सप्टेंबरला राजस्थानातल्या देवराळ्यात अठरा वर्षांची रूपकंवर नवऱ्याच्या चितेवर जळाली. देशभर संताप उसळला, केंद्राने सतीप्रतिबंधक कायदा केला. भाजपच्या उपाध्यक्ष असलेल्या राजमातांनी सतीच्या बाजूने जाहीर भूमिका घेतली. ही बाई स्वतः १९६१ च्या जुलैमध्ये एक्केचाळिसाव्या वर्षी विधवा झालेली. त्यानंतर चाळीस वर्षं जगलेली, निवडणुका लढवलेली, तुरुंगात गेलेली, मुलींसाठी १९५६ मध्ये शिंदे कन्या विद्यालय काढलेली. तिने हे का म्हणावं? श्रद्धा, राजपूत घरातले संस्कार, की राजस्थानातल्या मतांचा हिशेब? सिनेमाने उत्तर देऊ नये, पण प्रश्न टाळला तर तो सिनेमा कशाला काढायचा? १९६६ च्या पटकथेत एकच पुढची उडी घ्यायची तर ती हीच घ्यावी. पांढऱ्या साडीतल्या बाई विधानसभेचा जिना चढताहेत, त्यांचं वैधव्य त्यांच्या राजकारणाचं बळ झालंय, आणि वीस वर्षांनी त्याच एका दुसऱ्या विधवेच्या मरणाला मान देताहेत. अभिनेत्रीची खरी परीक्षा त्या प्रसंगात लागेल.

अयोध्येचं त्या मानाने थोडक्यात सांगता येतं, कारण तिथे त्या एकट्या नव्हत्या. ६ डिसेंबर १९९२ ला त्या तिथे होत्या, खटल्यात आरोपी होत्या आणि निकालाआधीच २५ जानेवारी २००१ ला गेल्या. उरलेले ३२ आरोपी ३० सप्टेंबर २०२० ला निर्दोष सुटले. बारा दिवसांनी, १२ ऑक्टोबरला, राजमातांच्या जन्मशताब्दीचं शंभर रुपयांचं नाणं पंतप्रधानांच्या हस्ते प्रसिद्ध झालं. तीन आठवड्यांनी मध्य प्रदेशात २८ जागांच्या पोटनिवडणुका झाल्या, त्यातल्या १६ ग्वाल्हेर-चंबळमधल्या. मार्चमध्ये सरकार पडलं म्हणूनच त्यातल्या बहुतेक लागल्या होत्या. मरणानंतर १९ वर्षांनी एका बाईंचं नाव एकाच वर्षात इतक्या ठिकाणी उपयोगी पडावं, याला सत्ता म्हणतात.

परवानग्यांचा बाऊ मात्र करू नये. सुप्रीम कोर्टाने १९९४ च्या आर. राजगोपाल खटल्यात म्हटलंय की सार्वजनिक नोंदींवर आधारलेलं लिहायला संमती लागत नाही. २०२१ मध्ये जयललितांवरच्या चित्रपटाच्या वादात मद्रास हायकोर्टाने धरलं की खासगीपणाचा हक्क माणसाबरोबर संपतो, वारसांकडे जात नाही. खरी अडचण अब्रुनुकसानीच्या कलमाची: मृत व्यक्तीबद्दलच्या आरोपाने कुटुंबीयांच्या भावना दुखवायचा हेतू असेल तर फौजदारी होऊ शकते. आधी भारतीय दंड संहितेचं कलम ४९९, आता न्याय संहितेचं ३५६. म्हणून प्रत्येक प्रसंगाला कागद हवा. सभागृहातलं वाक्य कामकाजाच्या खंडातून, मतांचे आकडे निवडणूक आयोगाच्या अहवालातून. राजमातांच्या मनातलं काही हवं तर मनोहर माळगावकरांच्या साहाय्याने १९८५ मध्ये त्यांनी लिहिलेलं आत्मकथन आहेच. सेन्सॉर अडलं तर पूर्वी अपिलासाठी न्यायाधिकरण होतं. एप्रिल २०२१ मध्ये ते रद्द झालं, आता थेट हायकोर्ट. वकिलाचा खर्च बजेटमध्ये पहिल्या दिवशीच धरावा. प्रदर्शनाची तारीख जाहीर करून मग प्रमाणपत्राला धावणारे निर्माते हमखास तोंडघशी पडतात.

भाषेचं एक. असा सिनेमा हिंदीतच होणार, ते ठीक. पण महालातल्या मराठी माणसांना ‘आईसाहेब’ एवढाच शब्द द्यायचा आणि बाकी संवाद पुण्याच्या मालिकांतून उचलायचे, हे करू नये. बाहेरून आलेली सून सरदारांशी मराठीत बोलते, आमदारांशी हिंदीत आणि दिल्लीत इंग्रजीत. कुठल्या माणसाशी ती कुठली भाषा निवडते यातच तिचं अर्धं राजकारण आहे. लष्कर भागातल्या मराठीला हिंदीची वळणं आहेत. तसा बोलणारा नट ग्वाल्हेरात शोधला तर सापडेल, मुंबईत शिकवून तयार होणार नाही.

पैसा हा शेवटचा मुद्दा आणि तोच आधी येतो. न्यासाचा पैसा घेतला की १९८७ गाळलं जाईल. विरोधी पक्षाच्या जवळच्याचा घेतला की भंजदेव आणि ग्वाल्हेरचे विद्यार्थी गाळले जातील, कारण ते गोळीबार काँग्रेसच्या राज्यात झाले. ग्वाल्हेर, इंदूर, भोपाळ, जबलपूरच्या मराठी मंडळांनी दर वर्षी नाट्यस्पर्धा आणि गणेशोत्सवात जो पैसा आणि वेळ ओतला जातो त्यातला थोडा बाजूला काढून आधी दोन अंकी नाटक बसवावं. पंधरा पात्रं, एक सभागृह, जुलै १९६७ चे शेवटचे काही दिवस. मिश्रांच्या भूमिकेला गावातला सगळ्यात चांगला नट द्यावा.